पलटणीतले मास्तर

गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलाकडे पहाटे गेले की सैन्यभरतीची तयारी करणारी मुले धावताना दिसतात. निवृत्त सैनिकाने शाळेत यावे आणि मुलांना शिस्त, कवायत व त्याबरोबर चार अक्षरेही शिकवावीत, याचे आपल्याकडे कोणास नवल वाटत नाही. परंतु ज्या सैनिक-शिक्षकाचे या शहरावर सर्वांत मोठे ऋण आहे, त्यांना निवृत्तीनंतर एकही शाळा लाभली नाही. सुभेदार रामजी मालोजी सकपाळ हे त्यांचे नाव. नागसेनवनात १९५० साली महाविद्यालय उभे करणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ते वडील. वडील म्हणून आपण त्यांना ओळखतो. मास्तर म्हणून त्यांची आठवण मात्र क्वचितच निघते.

मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे त्यांचे मूळ गाव. वडील मालोजीही सैन्यातलेच. रामजींनी पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये अध्यापनाचे शिक्षण घेतले आणि पुढे चौदा वर्षे लष्करी शाळेत मुख्याध्यापकी केली. लष्करात त्या काळी शिपायांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचे होते. गावच्या शाळेत ज्यांच्या सावलीचा विटाळ मानला जाई, त्याच मुलांना पलटणीच्या शाळेत गैरहजर राहण्याची मुभा नव्हती! इंग्रजांनी हे परोपकारबुद्धीने केले असे मानण्याचे कारण नाही. त्यांना लिहिता-वाचता येणारा शिपाई हवा होता. तथापि गरज कोणाचीही असो, त्या वर्गात बसलेल्या मुलाच्या हाती पाटी आली, हे खरे.

आणि मग तो मार्गही बंद झाला. महारांची सैन्यभरती १८९२ च्या सुमारास थांबविण्यात आली. त्याविरुद्धचा अर्ज तयार करण्यासाठी रामजी न्यायमूर्ती रानडे यांच्याकडे गेले होते, असे चरित्रकार सांगतात. अर्जाचा उपयोग झाला नाही. पुढे १८९४ च्या आसपास ते निवृत्त झाले, दापोलीस आले, तेथून साताऱ्यास गेले. एवढा अनुभवी मुख्याध्यापक. पण त्यांच्या वाट्यास आली ती खटाव तालुक्यातील गोरेगावची रोखपालाची नोकरी. दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून सरकारने तेथे तलाव खोदण्याचे काम काढले होते. ज्या हातांनी खडूने फळे भरले, ते हात आता मजुरीचा हिशेब मांडू लागले. त्यांच्या जातीच्या मनुष्यास मुलकी शाळेत मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर बसू देणारे गाव त्या काळी शोधून सापडले असते काय?

सातारच्या गव्हर्न्मेंट हायस्कुलात ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवाचे नाव दाखल झाले. शाळेत त्याला वेगळे बसावे लागे. बसण्याचे गोणपाट घरून न्यावे लागे. शिपायाने वरून पाणी ओतले तरच तहान भागायची. असल्या शाळेतून परतणाऱ्या मुलासाठी घरी दुसरी शाळा भरत असे. रामजी कबीरपंथी होते. घरात सायंकाळी भजन-प्रार्थना चाले, आणि इंग्रजीसाठी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला मुलाकडून घोटून घेतली जाई. पलटणीतल्या मास्तरांचा कडकपणा निवृत्तीबरोबर निवृत्त झाला नव्हता.

त्या एकविद्यार्थी शाळेचे खरे वैभव मुंबईत दिसले. परळच्या चाळीत एकच खोली. त्या गर्दीत अभ्यास व्हावा म्हणून भीमराव लवकर झोपत, आणि पहाटे दोनला रामजी त्यांना उठवीत. दिव्याखाली अभ्यास सुरू झाला की मगच वृद्ध सुभेदार अंग टाकीत. पुस्तकासाठी पैसा नसला की ते आपल्या विवाहित मुलींकडे जात; प्रसंगी त्यांचा एखादा दागिना गहाण पडे आणि पेन्शन आल्यावर सोडविला जाई. पेन्शनीतून पुस्तके घेणारा बाप आजच्या शिक्षकवर्गास कदाचित अतिरेकी वाटेल. महिनाअखेरीची ओढाताण ज्या कारकुनाच्या घरात ठाऊक आहे, तेथे तसे कोणी म्हणणार नाही.

भीमराव १९०७ साली मॅट्रिक झाले, पुढे पदवीधर होऊन बडोदे संस्थानच्या नोकरीत गेले. तेथे काही दिवस होतात न होतात तोच वडील आजारी असल्याची तार आली. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजींनी मुंबईत देह ठेवला. त्याच वर्षी जुलैमध्ये भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात त्यांनी नाव नोंदविले.