सशेष अर्बुद आणि प्रतिमांची साक्ष

अर्बुदाचे शस्त्रकर्म करताना दोष शेष राहिल्यास ते शीघ्र पुन्हा उद्भवते आणि उरलेल्या अग्नीप्रमाणे घात करते, असा इशारा सुश्रुताचार्यांनी चिकित्सास्थानाच्या अठराव्या अध्यायात दिला आहे. शेष राहिले किंवा कसे, हे आत डोकावून पाहण्याचे साधन मात्र त्या काळी नव्हते. आज ते काही अंशी उपलब्ध आहे. कोरपना, राजुरा, जिवती या भागात खर्‍याचे व्यसन घरोघरी पोहोचलेले असल्याने वैद्यबंधूंनी त्याची ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

जिभेचे अर्बुद किती खोल गेले आहे, हे एमआरआयवर शस्त्रकर्मापूर्वीच मोजता येते. २०१८ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ५ व १० मि.मी. खोलीच्या मर्यादा धरल्या आहेत. खोली वाढली की मानेतील ग्रंथींत प्रसाराचा धोका वाढतो. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. अनिल डिक्रूझ व सहकार्‍यांचा २०१५ सालचा अभ्यास या संदर्भात मननीय आहे. प्रारंभिक मुखार्बुदात, ग्रंथी हाताला लागत नसतानाही त्या मूळ शस्त्रकर्मातच काढल्या, तेव्हा तीन वर्षांनी हयात राहण्याचे प्रमाण ८० टक्के आढळले. ग्रंथी वाढेपर्यंत थांबलेल्या गटात ते ६७.५ टक्के होते. केवळ स्पर्शपरीक्षेवर विसंबणार्‍या आपणा सर्वांना हे आकडे अंतर्मुख करणारे आहेत.

पेट-सीटीत किरणोत्सर्गी शर्करा देतात व अर्बुदपेशी ती अधिक ओढून घेतात. परंतु शोथही ती ओढतो; म्हणून किरणोपचारानंतर साधारण १२ आठवडे थांबून ही तपासणी करतात. तपासणीपूर्वी सुमारे सहा तास लंघन असते. त्या सकाळी मधाचे अनुपान वा च्यवनप्राश देऊ नये, ही गोष्ट रुग्णास आपणच सांगावयास हवी. शहरातील तंत्रज्ञाला ती सुचेलच असे नाही. संगणकाकरवी प्रतिमांचा पोत मोजून पुनरुद्भवाचे भाकीत करण्याचे प्रयत्नही चालू आहेत, तथापि ते अद्याप मुख्यतः संशोधनाच्या पातळीवर आहेत.

मुखार्बुदाचा पुनरुद्भव बहुधा पहिल्या दोन वर्षांत होतो. या काळात रुग्ण नागपूरला जाण्याआधी आपल्याच दारी येतो: कान दुखतो, गिळताना टोचते, मानेत गाठ आली. अशा गाठीवर लेप लावून महिना घालवणे हा प्रमादच होय. तिची सोनोग्राफी, आणि ग्रंथी गोलाकार वा संशयास्पद दिसल्यास सुईने पेशीपरीक्षण, हे त्याच आठवड्यात व्हावे. औषधविक्रेत्या बंधूंनीही शस्त्रकर्म झालेला रुग्ण कांचनार गुग्गुळाची दुसरी बाटली मागू लागला, तर ती देण्यापूर्वी गाठ केव्हापासून आहे एवढे विचारावे, आणि जुनी फिल्म व सुटीचे कार्ड घेऊन त्यास शल्यचिकित्सकाकडे पाठवावे.