कासवासाठी तण पेरताना

कासवाला काय खायला घालावे, असे वर्गात विचारले तर उत्तरे पटापट येतात : काकडी, टोमॅटो, कोबी, केळे. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आमच्या नणंदेनेही पहिले वर्षभर हेच केले. मुलाच्या हट्टापायी तिने हरमन जातीचे, दोन वर्षांचे कासव रीतसर प्रमाणपत्रासह विकत घेतले. भाच्याने त्याचे नाव ठेवले नवाब. दुकानदाराने सांगितले, लेट्यूस घाला, काकडी घाला, मजेत राहील. नवाब मजेत दिसतही होता, पण त्याचे कवच काही घट्ट होईना. बोटाने दाबले तर ते किंचित दबायचे.

जनावरांच्या डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे दिव्याची. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हातली अतिनील किरणे काच अडवते, त्यामुळे कासवाला ‘ड’ जीवनसत्त्व तयार करता येत नाही. तो खास दिवा त्याच दिवशी आला. दुसरी गोष्ट खाण्याची. काकडी म्हणजे बहुतेक पाणीच. केळे-सफरचंदाच्या साखरेने या कासवाचे पोट बिघडते. पालकात कॅल्शियम आहे, पण त्यातले ऑक्झॅलिक आम्ल ते शरीराला मिळू देत नाही. हरमन मूळचे भूमध्य समुद्राकाठचे. तिथल्या माळावरचे चरबट गवती तण हेच त्याचे अन्न : तंतू भरपूर, कॅल्शियम जास्त, प्रथिने कमी. म्हणजे डाळ आणि पोळीचा तुकडाही बंद.

मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही तिच्याकडे गेलो तेव्हा घराच्या मागच्या अंगणात नऊ ट्रे मांडलेले होते आणि त्यांत चक्क तण पेरलेले होते. आम्हाला आधी हसू आले. मग नीट बघितले, तर निम्मे ओळखीचे निघाले. डँडेलियनची पाने आपल्या रानातल्या पाथरीसारखी कातरलेली, देठ मोडला की पांढरे दूध येते. प्लँटेन हे इसबगोलचे भावंड. चिकरी म्हणजे हकीमसाहेबांच्या अर्कातली कासनी, आणि मॅलो म्हणजे खुब्बाजी. आमच्या सासूबाईंच्या काढ्याचे अर्धे सामान त्या अंगणात उगवत होते! दाराशी कुंडीत जास्वंद होती, तिची पाने आणि फुले दोन्ही नवाबाला चालतात. थंडीत ती कुंडी घरात येते.

पेरणीची पद्धत सोपी आहे. चार बोटे खोल ट्रे, खाली भोके, साधी माती. रासायनिक खत नाही. दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने एकेक ट्रे पेरायचा, म्हणजे एक संपेपर्यंत दुसरा तयार होतो. डँडेलियनची बाहेरची पाने तोडायची, मधला कोंब आणि मूळ ठेवायचे. ते पुन्हा फुटते. रोज एकच पाला घालायचा नाही. आणि सोबत समुद्रफेस! आपल्या कोकण किनाऱ्यावर पायाखाली येणारे माकुलाचे ते पांढरे हाड तिथे दुकानात विकत मिळते. कासव ते कुरतडते, त्याने कॅल्शियम मिळते आणि चोचही झिजते.

एक दिवस शेजारच्या आजोबांनी आपल्या हिरवळीतले डँडेलियन उपटून पिशवीभर आणून दिले. भाच्याने आभार मानले आणि विचारले, “तुम्ही तणनाशक मारता का?” मारत होते. पिशवी तशीच कचऱ्यात गेली. अकरा वर्षांच्या मुलाने मोठ्या माणसाला असे विचारणे नणंदेला अवघड वाटले, पण आम्हाला तो प्रश्न फार आवडला. रोपवाटिकेतून आणलेले रोपही तो लगेच खाऊ घालत नाही. जुनी पाने काढून टाकतो आणि नवी फुटण्याची वाट बघतो. कण्हेर, डॅफोडिल, फॉक्सग्लव्ह ही विषारी झाडे अंगणात ठेवलेलीच नाहीत.

हे वाचून आपल्याकडच्या कुणाला कासव आणावेसे वाटले, तर आधीच सांगून ठेवतो. पाठीवर पिवळ्या चांदण्यांचे स्टार कासव, किंवा विहिरीत-तळ्यात सापडणारे आपले कुठलेही देशी कासव घरात ठेवणे वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार गुन्हा आहे. 2019 साली स्टार कासवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही बंदी आली. कुणी ‘बरकतीचे’ म्हणून विकत असेल तर घेऊ नका, वनविभागाला कळवा.

नवाबाचे कवच आता घट्ट होत आले आहे. डॉक्टरांनी परवानगी दिली तर या हिवाळ्यात तो पहिल्यांदा शीतनिद्रेत जाईल. त्याआधी पोट रिकामे व्हावे म्हणून काही दिवस त्याला फक्त पाणी मिळेल, पाला नाही. “मुमानी, म्हणजे नवाबचे पण रोजे!” भाचा फोनवर म्हणाला. “पाणी पितो ना, मग रोजा कसला?” आम्ही विचारले. तो जरा थांबला. मग त्याने दुसराच हिशेब सांगितला. ही कासवे पन्नास वर्षांहूनही अधिक जगतात, म्हणजे तो अम्मीच्या वयाचा होईल तेव्हाही नवाब असेल. कॉलेजला दुसऱ्या गावी गेल्यावर ट्रे कोण पेरणार, हे त्याने आताच धाकट्या बहिणीशी ठरवले आहे. तिने अट घातली आहे, जास्वंदीची फुले तिची.