नदीचं बारमाहीपण कुठून येतं?

‘पेरेनिअल’ या इंग्रजी विशेषणाला मराठीत ‘बारमाही’ हा नेमका शब्द आहे. लॅटिनमधलं त्याचं मूळही ‘वर्षभर’ असाच अर्थ सांगतं. खानदेशात मात्र एखाद्या नदीला बारमाही म्हटलं, की तो तिचा जन्मजात गुण समजला जातो. इथेच चूक होते. पाऊस थांबल्यावर नदीत वाहतं ते काठच्या जमिनीत मुरलेलं आणि हळूहळू पाझरणारं पाणी. भूजलाची पातळी पात्राच्या खाली गेली की झरे आटतात, आणि नकाशावरची बारमाही नदी जानेवारीतच कोरडी पडते.

धुळे जिल्ह्यातल्या पांझरेवर हे स्पष्ट दिसतं. तिच्या काठची काही शतकं जुनी फड पद्धत याच पाझरावर उभी होती. नदीला आडवा बंधारा, त्यातून निघालेला पाट, आणि पाटाखालची जमीन फडांत वाटलेली. एका फडात सगळ्यांचं पीक एकच. कोणत्या फडाला ऊस आणि कोणत्याला हंगामी पीक, हे पंच पाणी पाहून ठरवत. पाटकरी पाणी फिरवी, जागल्या पिकं राखी. म्हणजे बारमाही प्रवाह गृहीत धरूनही तो जपून वापरण्याची शिस्त त्यात होती. पुढे विहिरींवर मोटरी आल्या, वर धरणं झाली, आणि फडांचा आधारच निसटत गेला.

यावर कोणी म्हणेल, फडाचं पाणी काठच्या मोजक्या शेतांनाच मिळे. मोटरीने बाकीच्यांना जगवलं. हे खरं आहे, आणि ते नाकारून चालणार नाही. पण विहिरीतलं आणि नदीतलं पाणी एकच आहे, हा हिशेब त्या वेळी कुणी मांडला नाही. यावल-रावेरच्या केळीसाठी कूपनलिका खोल खोल न्याव्या लागतात, त्याचंही कारण हेच. धरणातून नदीत पाणी सोडता येतंच की, हा दुसरा आक्षेप. गिरणेत उन्हाळ्यात तसं आवर्तन सोडलं जातं. पण आवर्तन हे पुन्हा पुन्हा येणारं पाणी. अखंड वाहणारं नव्हे. इंग्रजीतही ‘कंटिन्युअल’ आणि ‘कंटिन्युअस’ यांत हाच फरक केला जातो.

म्हणून नदीला बारमाही म्हणण्याआधी तिचा मे महिन्यातला प्रवाह मोजावा, आणि काठच्या विहिरींचा उपसा त्याच वहीत लिहावा.