व्हेल डन, माणसा?

देवमाशाच्या कानात मळ साचतो, माहीत आहे का? आणि तो कुणी काढत नाही! जन्मापासून मरेपर्यंत थरावर थर चढतात आणि कानात एक लांबलचक बूच तयार होतं. आपल्याला किळस, संशोधकांना लॉटरी. कारण हे बूच म्हणजे त्या देवमाशाची पर्सनल डायरी! साधारण दर सहा महिन्यांना एक थर, आणि थराथरात त्या काळाचा हिशेब.

2007 साली कॅलिफोर्नियात सांता बार्बराजवळ जहाजाची धडक बसून एक निळा देवमासा मेला. त्याच्या कानातून निघालं तब्बल 25 सेंटिमीटरचं बूच. आत काय सापडावं? पारा, कीटकनाशकं आणि स्ट्रेस हार्मोन. साहेब जन्मात कधी शेतावर गेले नव्हते. पण फवारणीच्या औषधांचा सगळ्यात मोठा डोस त्यांना पहिल्या सहा महिन्यांतच मिळाला होता. थेट आईकडून.

पुढे अशा 20 देवमाशांची बुचं तपासून 1870 ते 2016 पर्यंतच्या टेन्शनचा आलेख काढला गेला. 1960च्या दशकात शिकार शिगेला पोचली होती, तेव्हा टेन्शनही शिगेला. इथपर्यंत अपेक्षित. पण दुसऱ्या महायुद्धात शिकार जवळपास थांबली, तरी टेन्शन वाढलेलंच! संशोधकांना संशय आहे तो युद्धनौका, पाणबुड्या आणि बॉम्बवर. भांडण आपलं, बीपी त्यांचं.

आता नाक धरा. देवमाशाची शी हुंगून काढणारे कुत्रे असतात, माहीत आहे का? बोटीच्या नाकाडावर कुत्रा उभा राहतो. त्याचं नाक वळेल तिकडे बोट वळते. फार्गो नावाच्या रॉटवायलरने अटलांटिकमध्ये राइट व्हेलची शी हुडकली. टकर नावाच्या लॅब्रेडॉर मिक्सने अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ऑर्काची. पगार? एक चेंडू. आणि गंमत म्हणजे या टकरला पाण्यात उतरायला अजिबात आवडायचं नाही!

या शीमुळे एक भन्नाट शोध लागला. 2001च्या सप्टेंबरमध्ये कॅनडाच्या बे ऑफ फंडीमध्ये असे नमुने गोळा करणं सुरू होतं. 11 सप्टेंबरला न्यूयॉर्कवर हल्ला झाला आणि त्यानंतर जहाजांची ये-जा एकदम घटली. पाण्याखालचा आवाज 6 डेसिबलने खाली आला. नमुने तपासले, तर देवमाशांचे स्ट्रेस हार्मोनही खाली! हा प्रयोग कुणी आखला नव्हता, आखताही आला नसता. जगभरचा माणूस टीव्हीसमोर सुन्न बसला होता तेव्हा खाली समुद्रात कुणाला तरी कित्येक दिवसांनी शांत झोप लागली असेल. (झोपेचं माझ्या पदरचं हं, हार्मोनचं शास्त्रज्ञांचं.)

मूड बदलू या. म्युझिक!

देवमाशाच्या नावावर सुपरहिट अल्बम आहे, माहीत आहे का? बर्म्युडाजवळ अमेरिकन नौदलासाठी काम करणारे फ्रँक वॉटलिंग्टन नावाचे इंजिनिअर पाण्याखाली माइक सोडून बसले होते. ऐकायच्या होत्या सोव्हिएत पाणबुड्या, ऐकू आली हंपबॅक व्हेलची गाणी. त्यांनी ती टेप जीवशास्त्रज्ञ रॉजर पेन यांच्या हाती दिली. पेन यांनी 1970 साली रेकॉर्ड काढली आणि ती धडाक्यात खपली.

पिक्चर अभी बाकी है. 1979च्या जानेवारीत ‘नॅशनल जिओग्राफिक’ने अंकासोबत या गाण्यांची पातळ, वाकणारी तबकडी फुकट वाटली. प्रती किती? एक कोटी पाच लाख! एका दमात इतक्या तबकड्या तोवर कुणीच छापल्या नव्हत्या. शिवाय 1977 साली निघालेल्या व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीतही हंपबॅकचं गाणं आहे. म्हणजे परग्रहवासीयांना केसरबाई केरकरांची भैरवी आणि देवमाशाचा आलाप एकाच मैफलीत ऐकायला मिळणार. काय लाइनअप आहे!

गाण्यांनी जनमत फिरवलं. 1982 साली आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने व्यापारी शिकारीवर बंदीचा ठराव केला, 1986 पासून ती लागू झाली. सगळं श्रेय गाण्याला द्यायला नको. तोवर मारायला देवमासेही फारसे उरले नव्हते.

विजेचं बिल पाहून तुम्ही थंड पडत असाल, मॅनटी मात्र ऊबदार होतात! फ्लोरिडातला हा गुबगुबीत शाकाहारी प्राणी 20 अंशांखालच्या पाण्यात फार काळ तग धरू शकत नाही. म्हणून हिवाळ्यात तो कुठे जातो? वीज प्रकल्पाच्या दारात. टॅम्पाजवळच्या बिग बेंड केंद्रातून जे गरम पाणी बाहेर पडतं, त्यात शेकडो मॅनटी डुंबत पडतात. बघायला पर्यटकांची ही गर्दी! आता लोचा असा, की अशी जुनी केंद्रं बंद झाली तर पुढच्या थंडीत हे गिऱ्हाईक जाणार कुठे? पर्यावरणवाद्यांना धुरांड्याची काळजी करायला लावणारा हा बहुधा एकमेव प्राणी.

अणुबॉम्बमुळे फायदा झालेला प्राणी ओळखा पाहू? सागरी पाणमांजर! अलास्काच्या अ‍ॅमचिटका बेटावर अणुचाचण्या करायच्या ठरल्या, तेव्हा तिथली शेकडो पाणमांजरं उचलून दुसऱ्या किनाऱ्यांवर सोडली गेली. फरसाठी मारून मारून जिथून त्यांचा सफाया केला होता, अशा काही किनाऱ्यांवर ती अशी परतली. एका चौरस इंचात दहा लाखांपर्यंत केस! टक्कल पडलेल्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा.

सगळ्यांचंच नशीब असं नाही. स्टेलरची समुद्रगाय विज्ञानाला कळली 1741 साली, संपली 1768 साली. ओळख ते श्रद्धांजली, 27 वर्षं. मेक्सिकोतली वाकिटा, म्हणजे डॉल्फिनची चिमुकली नातेवाईक, तर आज हातापायांच्या बोटांवर मोजावी इतकीच उरली आहे. तिला मुद्दाम कुणी मारत नाही बरं. टोटोआबा नावाच्या माशासाठी चोरून लावलेल्या जाळ्यांत ती फुकट मरते.

देवमाशाला स्फोटकांनी उडवलंय कुणी? होय! 12 नोव्हेंबर 1970, ओरेगॉनमधलं फ्लॉरेन्स गाव. किनाऱ्यावर कुजणाऱ्या देवमाशाचं करायचं काय, म्हणून महामार्ग खात्याने अर्धा टन डायनामाइट लावलं. बारीक तुकडे होतील, उरलंसुरलं सीगल खातील, असा प्लॅन. धडाम्! सीगल पळाले, प्रेक्षकांवर मांसाचा पाऊस पडला आणि लांब उभ्या असलेल्या एका गाडीचं छप्पर चेपलं. देवमासा? बराचसा जागच्या जागी. गावाने 2020 साली एका उद्यानाला या स्फोटाचंच नाव देऊन टाकलं. फजितीचं इतकं दिलखुलास स्मारक दुसरं कुठलं असेल?

अरे हो, ‘व्हेलची उलटी’! आपल्या पेपरांत दर थोड्या दिवसांनी बातमी असते, अमुक कोटींची उलटी जप्त. एक तर बहुतेक शास्त्रज्ञांच्या मते ही उलटी नाहीच; स्पर्म व्हेलच्या आतड्यात माकुलासारख्या प्राण्यांच्या कठीण चोचींभोवती हा गोळा बनतो. ताजा असताना घाण वास, वर्षानुवर्षं समुद्रात भिजला की अत्तरवाल्यांचा लाडका. दुसरं म्हणजे भारतात त्याचा व्यापार हा गुन्हा आहे. किनाऱ्यावर करड्या रंगाचा गोळा दिसला तर आधी वनखात्याला फोन, बंगल्याची स्वप्नं नंतर.

कायदेशीर पैसे हवेत? तेही आहेत, फक्त तुम्ही मच्छीमार असायला हवं! जाळ्यात डॉल्फिन, समुद्री कासव किंवा बहिरी म्हणजेच व्हेल शार्क अडकला, आणि जाळं कापून त्याला सोडून दिलं, तर महाराष्ट्र सरकारच्या योजनेत फाटक्या जाळ्याची 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. ही योजना डिसेंबर 2018 पासून आहे. माझ्या मते या अख्ख्या पानावरची सगळ्यात हुशार आयडिया हीच. मच्छीमाराला उपदेश नाही, रोख भरपाई. अट एकच, सुटकेचे फोटो किंवा व्हिडिओ हवेत. तेव्हा सुरी हातात घ्यायच्या आधी मोबाइल कुणाच्या तरी हातात द्या!