भरतीची वाट पाहणारी बंदरे

फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील लहान बंदरांत शिडाची होडी घेऊन जाणाऱ्या प्रवाशाला प्रथम घड्याळ नव्हे, तर भरती-ओहोटीचे कोष्टक पाहावे लागते. तेथील सँ-मालो बंदराजवळ मोठ्या उधाणाच्या वेळी भरती आणि ओहोटी यांच्या पातळ्यांत सुमारे १२ मीटरांचे अंतर पडते. जवळपासच्या कित्येक लहान बंदरांतून ओहोटीला पाणी पूर्णपणे निघून जाते व होड्या चिखलात टेकतात. कोकणच्या किनाऱ्यावर हे अंतर पुष्कळच कमी आहे. परंतु तेथील खाडीबंदरांचा नियम मात्र हाच आहे.

बाणकोट, दाभोळ, जयगड, पूर्णगड ही बंदरे नद्यांच्या मुखाशी वसलेली आहेत. नदीने वाहून आणलेली वाळू आणि समुद्राच्या लाटा यांच्या संघर्षातून खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा तयार होतो. दांड्याच्या आत पाणी खोल व शांत असते; दांड्यावर मात्र ते उथळ असते. साहजिकच, बंदराचे दार दिवसातून दोनच वेळा पुरते उघडते. मालवणची अडचण निराळी आहे. १६६४ साली ज्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाच्या बांधणीस प्रारंभ झाला, त्याच्या भोवतालचे पाणी खडकांनी भरलेले आहे. तेथे किनाऱ्यावरील दोन ठळक खुणा एका रेषेत धरून होडी हाकारावी लागते.

दार केव्हा उघडेल, हे सांगण्याची जुनी रीत सोपी आहे. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली, की पूर्ण भरतीची स्थूल वेळ मिळते. पंचमीला पाचाची पाऊणपट पावणेचार. म्हणजे भरती दुपारी पावणेचारच्या सुमारास पुरी होईल व त्याआधीची तशीच पहाटे होऊन गेली असेल. अष्टमीला हीच वेळ सहाची येते. भरती रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते, हेच या हिशेबाचे मूळ होय. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, तर अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे मंद भरती असते.

वेळ कळली तरी पाणी सारख्या वेगाने चढत नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. सहा तासांतील एकूण चढाचे बारा भाग कल्पिले, तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या व चौथ्यात प्रत्येकी तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक भाग पाणी चढते. चढ २.४ मीटरांचा असेल, तर पहिल्या तासात अवघे २० सेंटिमीटर पाणी वाढते. तिसऱ्या तासात ६० सेंटिमीटर.

यावरून अनुभवी तांडेल पूर्ण भरतीपर्यंत न थांबता पाणी चढत असतानाच दांडा का ओलांडतो, हे उमगते. चढत्या पाण्यात होडी टेकली, तर थोड्याच वेळात समुद्रच तिला उचलतो. उतरत्या पाण्यात टेकली, तर पुढच्या भरतीपर्यंत लाटांचे तडाखे सोसावे लागतात. उधाणाच्या अगदी शिखरावर ती रुतली, तर त्यानंतरच्या भरत्या उतरत्या असल्यामुळे पुढचे उधाण येईपर्यंत पंधरवडा जातो. तोवर तिच्या फळ्या शाबूत राहतीलच असे नाही.

वाराही या क्रमाला साथ देतो. उन्हाळ्याच्या दिवसांत रात्री व पहाटे जमिनीकडून मतलई वारा वाहतो, दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटतो. पहाटेच्या ओहोटीबरोबर बाहेर पडावे आणि दुपारच्या भरतीबरोबर आत शिरावे, असा योग जुळला की वल्ह्याला हातही लावावा लागत नाही. चिपळूणचा माल पूर्वी वाशिष्ठीतून गोवळकोटच्या धक्क्यापर्यंत जाई, तो भरतीच्याच आधाराने. वारा व पाणी यांचा मेळ नसेल, तर मात्र बाहेर नांगर टाकून वाट पाहणे हेच शहाणपण ठरते.

आज बहुतेक होड्यांना यंत्रे बसली आहेत आणि भरतीची कोष्टके छापून मिळतात. यंत्राने वाऱ्याची सक्ती संपली. दांड्यावरील पाणी मात्र त्याने वाढलेले नाही. म्हणून लहान बंदरात शिरणाऱ्याला आजही आधी तिथी विचारावी लागते.