क्रीडारसिकाचें भाकीत

खेळ पाहणारा मनुष्य केवळ पाहून तृप्त होत नाहीं. सामना सुरू होण्यापूर्वींच त्याचा निकाल सांगून टाकावा, आणि तो खरा ठरला तर चार मंडळींत त्याची आठवण करून द्यावी, ही हौस सर्व देशांत सारखीच आहे. अमेरिकेंत या हौसेला मार्चअखेर भरती येते. त्या सुमारास महाविद्यालयीन बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा शेवटास येत असते आणि व्यावसायिक बेसबॉलचा नवा हंगाम उघडत असतो. एकच रसिक एकाच आठवड्यांत दोन्ही खेळांचें भविष्य वर्तवितो. परंतु हीं दोन भाकितें एका जातीचीं नव्हेत, आणि हा भेद न ओळखल्यामुळें पुष्कळांची फसगत होते.

प्रथम बेसबॉलचा विचार करूं. क्रिकेटच्या नात्यांतल्या या खेळांत नऊ-नऊ खेळाडूंचे दोन संघ आळीपाळीनें फटके मारतात, आणि तीन ठाणीं ओलांडून मूळ जागीं परतणाऱ्या खेळाडूची एक धांव धरली जाते. वरिष्ठ पातळीवर ३० संघ असून प्रत्येकाला हंगामांत १६२ सामने खेळावे लागतात. इतक्या सामन्यांचें प्रयोजन काय, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर खेळाच्या स्वभावांतच आहे. उत्तम संघहि सामान्यतः दहांपैकीं सहाच सामने जिंकतो, आणि दुबळा संघहि दहांपैकीं चार सामने पदरांत पाडतो. सामन्याच्या आरंभीं चेंडू फेकणारा प्रमुख खेळाडू दररोज बदलतो. जोरकस फटका सरळ क्षेत्ररक्षकाच्या हातांत जातो, तर निसटता फटका दोघांच्या मधून सुटून जातो. म्हणून एका दिवसाच्या निकालावरून संघाची योग्यता कळत नाहीं; सहा महिन्यांच्या बेरजेंत मात्र दैवाचे चढउतार बरेचसे फिटून जातात.

या बेरजेला शास्त्राचें रूप देण्याचें श्रेय बिल जेम्स या गृहस्थाकडे मोठ्या प्रमाणांत जातें. कॅन्सस राज्यांतील एका डबाबंद अन्नाच्या कारखान्यांत रात्रीच्या पहाऱ्यावर असतां त्यानें आंकड्यांचा अभ्यास केला आणि १९७७ पासून तो स्वखर्चानें प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. त्याचें एक सूत्र शाळकरी मुलासहि समजेल. संघानें काढलेल्या धांवांचा वर्ग करावा, प्रतिपक्षाला दिलेल्या धांवांचाहि वर्ग करावा, आणि दोहोंच्या बेरजेनें पहिल्या वर्गास भागावें. ८०० धांवा काढणाऱ्या आणि ७०० देणाऱ्या संघाचें उत्तर सुमारें ०.५६६ येतें, म्हणजे १६२ पैकीं सुमारें ९२ विजय. प्रत्यक्षांत असा संघ ९९ सामने जिंकला असेल, तर त्याच्या यशांत सुदैवाचाहि वांटा असावा आणि पुढील वर्षीं तो खालीं येण्याचा संभव अधिक, असें जाणता रसिक समजतो.

परंतु या गणितालाहि सीमा आहे. हंगाम संपल्यावरच्या अजिंक्यपदाच्या फेऱ्या मोजक्या सामन्यांच्या असतात. सिॲटल मरिनर्स संघानें २००१ मध्यें ११६ सामने जिंकून १९०६ च्या शिकागो कब्ज संघाच्या उच्चांकाशीं बरोबरी केली. तथापि त्या त्या वर्षीं या दोहोंपैकीं एकालाहि अजिंक्यपद लाभलें नाहीं.

जी अनिश्चितता बेसबॉलमध्यें हंगामाच्या शेवटीं डोकावते, ती महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्यें स्पर्धेच्या पहिल्या दिवसापासून राज्य करते. जेम्स नेस्मिथ यानें १८९१ मध्यें मॅसॅच्युसेट्स राज्यांतील स्प्रिंगफील्ड येथें हा खेळ निर्माण केला, आणि १९३९ मध्यें राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धा आठ संघांनिशीं सुरू झाली. १९८५ मध्यें संघांची संख्या ६४ झाली, २०११ मध्यें ६८ झाली. नियम निष्ठुर आहे: एकदां हरला तो घरीं गेला. चार विभाग पाडून प्रत्येकांत संघांना १ ते १६ असे अनुक्रम देतात, आणि पहिल्याची गांठ सोळाव्याशीं घालतात. १९८५ पासून पुरुषांच्या स्पर्धेंत असे १३५ सामने झाले आणि सर्वांत पहिला अनुक्रमच विजयी ठरला. मग २०१८ मध्यें मेरीलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी येथील संघानें बलाढ्य व्हर्जिनियाचा ७४-५४ असा पराभव केला. विशेष हें कीं, तोच व्हर्जिनिया पुढील वर्षीं अजिंक्य ठरला. एका संध्याकाळीं तो संघ दुबळा झाला होता असें नव्हे. एका संध्याकाळींच सर्व हिशेब मिटवावयाचा, हा त्या स्पर्धेचा नियम होता.

६४ संघांच्या तक्त्यांत ६३ सामने होतात. सर्व निकाल आधींच लिहून ठेवण्याची तेथें प्रथा आहे; परंतु ते लिहिण्याचे प्रकार ९ वर १८ शून्यें दिल्यानें होणाऱ्या संख्येहूनहि अधिक आहेत. २०१९ मध्यें एका रसिकाचे पहिले ४९ निकाल ओळीनें बरोबर आले, पन्नासावा चुकला.

येथवर ही निरुपद्रवी करमणूक आहे. भाकिताला किंमत आली म्हणजे प्रकरण पालटतें. १९१९ च्या बेसबॉल अजिंक्यपदाच्या सामन्यांत जुगाऱ्यांशीं संगनमत केल्याच्या आरोपावरून शिकागो व्हाइट सॉक्सच्या आठ खेळाडूंना १९२१ मध्यें खेळांतून कायमचें काढून टाकण्यांत आलें. बास्केटबॉलमध्यें याहून सूक्ष्म मार्ग निघाला. कोण जिंकेल याऐवजीं किती गुणांच्या फरकानें जिंकेल यावर पैजा लागूं लागल्या. त्यामुळें खेळाडूला हरण्याचीहि गरज उरली नाहीं, विजयाचा फरक थोडा कमी ठेवला कीं काम झालें. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजनें १९५० मध्यें दोन राष्ट्रीय स्पर्धा एकाच मोसमांत जिंकल्या, आणि १९५१ मध्यें त्याच संघांतील तरुण अशाच प्रकरणांत पकडले गेले. २०१८ मध्यें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें पैजांवर निर्बंध घालणारा मध्यवर्ती कायदा रद्द केला. तेव्हांपासून अनेक राज्यांत असा व्यवहार कायदेशीर होऊन हातांतल्या दूरध्वनीवर येऊन ठेपला आहे, आणि विशीच्या उंबरठ्यावरच्या विद्यार्थ्याच्या चुकलेल्या नेमाशीं अनोळखी माणसाचा पैसा जोडला गेला आहे.

म्हणून रसिकानें तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या. आशा आपल्या संघासाठीं असावी. शिकागो कब्जच्या चाहत्यांनीं ती १९०८ पासून २०१६ पर्यंत, म्हणजे १०८ वर्षें, पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आणि अखेर तिचें चीज झालें. भाकीत हिशेबानें करावें, आणि “अमका जिंकणार” असें न म्हणतां “दहांत सात वेळां जिंकेल” असें म्हणावें. म्हणजे उरलेल्या तीन वेळांसाठींहि मन तयार राहतें. पैजेच्या वाटेस मात्र जाऊं नये. कारण तिच्या पायीं आशा लोभांत बुडते, आणि ज्याच्या कौतुकासाठीं मैदानावर जावयाचें त्या तरुण खेळाडूचाच राग येऊं लागतो.