सातबाऱ्यावरचं पीक, शेतकऱ्याच्याच हातून

गाव नमुना सात सांगतो जमीन कुणाची, आणि बारा सांगतो तीत पेरलंय काय. बाराची ही नोंद पूर्वी तलाठी करायचे. एका तलाठ्याकडे अनेक गावं. प्रत्येक बांधावर पोचणं व्हायचंच असं नाही. मग शेतात सोयाबीन आणि कागदावर मागल्या वर्षीची तूर, असंही घडायचं.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने आपल्या गटात उभं राहून अ‍ॅपमध्ये पीक, क्षेत्र, सिंचनाचं साधन भरायचं आणि उभ्या पिकाचा फोटो काढायचा. फोटोबरोबर अक्षांश-रेखांशही जातात, म्हणून घरी बसून नोंद होत नाही. हीच खरी ताकद आहे: हमीभावाची खरेदी असो की अतिवृष्टीची भरपाई, हाताशी त्या हंगामाचा पुरावा असतो.

मात्र साधा फोन वापरणारे म्हातारे खातेदार आणि एकट्या शेती करणाऱ्या बाया मागे राहता कामा नयेत. एकाच मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते. गावातल्या तरुणांनी एवढं जरूर करावं. आणि खरीप, रब्बी दोन्हींची नोंद वेगवेगळी, आपापल्या मुदतीत करावी लागते.